पुलाच्या दोन्ही बाजूंची औषधे

आरोंद्याचा पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे गोवा. तेरेखोलच्या खाडीवरून सोयरीक, मासळी, नोकऱ्या यांची ये-जा चालते, तशी आजारपणाचीही चालते. रक्तदाब-साखरेचा रुग्ण महिन्याच्या गोळ्यांसाठी सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो. छातीत दुखले की त्यालाच बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेतात. ताप आला तर जवळचे खासगी डॉक्टर आहेतच. गणपतीला आलेला चाकरमानी मुलगा मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणलेल्या गोळ्यांचे तीन महिन्यांचे पाकीट आईच्या हातात ठेवून परत जातो. चारही ठिकाणी उपचार करणाऱ्यांचा हेतू चांगला, निदानही बहुधा बरोबर. पण या चार जणांनी लिहिलेले सगळे एकत्र पाहिलेला माणूस एकही नसतो. ते फक्त एका ठिकाणी एकत्र येते, आजीच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत.

अशी पिशवी टेबलावर रिकामी केली की काय निघते, हे सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारावे. एका पट्टीवर अ‍ॅम्लोडिपिन, हे सरकारी पुरवठ्यातले. दुसऱ्या पट्टीवर कंपनीचे भलतेच नाव, पण खाली बारीक अक्षरांत पुन्हा अ‍ॅम्लोडिपिनच. तिसरी गोळी टेल्मिसार्टनची म्हणून दिलेली, प्रत्यक्षात ती जोडगोळी. तिच्यातही अ‍ॅम्लोडिपिन आहेच. आजी तिन्ही गोळ्या इमाने इतबारे घेते, कारण तिच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या तीन वेगळ्या गोळ्या आहेत. एक पांढरी, एक तांबूस, एक लांबट. औषधाला तिच्या लेखी रंग आणि आकार आहे, नाव नाही.

यावर ‘लोक अडाणी, विचारत नाहीत’ असे म्हणणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. नाव तिला कोणी सांगितलेच नाही. रुग्णालयाच्या खिडकीवर पट्टी कात्रीने कापून चार-सहा गोळ्या दिल्या जातात. नाव आणि मुदतीची तारीख ज्या तुकड्यावर होती तो आधीच दुसऱ्या कोणाकडे गेलेला असतो. कागदावर १-०-१ असे काहीतरी असते. रांग एवढी की डॉक्टरांना एका रुग्णासाठी दोन-तीन मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असाही नियम आहे. नियम चांगले आहेत. पण खिडकीच्या अलीकडे दीडशे माणसे आणि पलीकडे एकच फार्मासिस्ट, हे चित्र कोणताही नियम लिहून बदलत नाही. तिथे माणसे वाढवावी लागतात.

तोवर घरच्यांना करता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती पिशवी संपूर्ण न्यावी, ‘फक्त बीपीची’ गोळी वेगळी काढून नव्हे. तिच्यात आयुर्वेदिक चूर्ण, गुडघेदुखीची पुडी, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, सगळे असावे. पुडीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. सांधेदुखीवर ‘हमखास’ गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले असते, हे अनेकदा उघड झाले आहे. अशी पुडी महिनोन् महिने घेतली तर साखर चढते, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात. एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून ती लपवण्यात धोका आणि रागाने फेकून देण्यातही धोका. ती डॉक्टरांच्या टेबलावर आलीच पाहिजे.

आता त्या अ‍ॅम्लोडिपिनकडे परत येऊ. रक्तदाबाची ही गोळी स्वस्त आणि चांगली आहे, लाखो लोक ती निर्धास्त घेतात. पण काहींच्या घोट्यांवर तिच्याने सूज येते, आणि मात्रा वाढेल तशी ती शक्यता वाढते. सूज दिसली की घरात घबराट होते. किडनी गेली की काय? दुसरा डॉक्टर, दुसरा कागद, आणि सूज उतरवायला लघवी वाढवणारी गोळी. तिने सूज फारशी उतरत नाही, कारण मूळ कारण वेगळेच आहे. मात्र रात्री तीनदा उठावे लागते, अंगातले पोटॅशियम कमी होते, पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते. मग गोळ्यांवर गोळी, चक्करवर गोळी. आणि एखाद्या पावसाळी रात्री आजी मागच्या पडवीत पडते आणि खुब्याचे हाड मोडते. या साखळीला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि जगभर वृद्धांमध्ये ती दिसते. पहिल्या दिवशी ‘ही सूज गोळीमुळे तर नसेल?’ एवढे कोणी विचारले असते तर मात्रा कमी करून किंवा गोळी बदलून काम झाले असते.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा, खवखवणारा, कफ नसलेला खोकला लागतो. तो गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी येतो, कधी काही महिन्यांनीही. कोकणातल्या दमट हवेत खोकल्याला कारण शोधावे लागत नाही. ओल आहे, बुरशी आहे, चुलीचा धूर आहे. त्यामुळे बाटलीमागून बाटली रिकामी होते आणि खोकला तसाच राहतो. गोळी बदलली की तो साधारण महिनाभरात थांबतो. अर्थात ती स्वतःहून बंद करायची नाही. हृदय अशक्त असलेल्यांना ती जीव वाचवणारी गोळी असते आणि तिला पर्याय डॉक्टरच देऊ शकतात.

‘बीपी आता बरा आसा, मगे गोळी कित्याक खावची?’ हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतो. बीपी बरा आहे तो गोळीमुळेच, हे उत्तर खरे आहे पण अपुरे आहे. गोळी सोडणाऱ्याला पुष्कळदा तिचा काहीतरी त्रास होत असतो. थकवा येतो, पोट बिघडते, पुरुषांच्या बाबतीत लैंगिक तक्रार असते. ती सांगायला लाज वाटते आणि ‘बीपी बरा आसा’ हे सांगणे सोपे जाते. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी ‘गोळीने काही त्रास होतो का?’ असे विचारले तर खरे उत्तर येण्याची शक्यता अधिक.

सगळेच त्रास धोक्याचे नसतात, हेही कोणीतरी सांगावे लागते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. घाम आणि अश्रूसुद्धा रंगतात. रक्त पडते आहे असे वाटून किती तरी जण पहिल्याच आठवड्यात उपचार सोडतात आणि क्षयासारख्या रोगात अर्धवट सोडलेला उपचार पुढे फार महागात पडतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते; गरोदर बाईला हे आधी सांगितले तर ती गोळ्या घराच्या मागे फेकणार नाही. पण तीच काळी, डांबरासारखी चिकट शौच लोहाची गोळी न घेणाऱ्याला झाली आणि तो दुखण्यावर डायक्लोफेनॅक किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असला, तर त्याच्या जठरातून रक्तस्राव होत असण्याची शक्यता मोठी. त्याने त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. खूण एकच आणि अर्थ दोन. कोण कोणती गोळी घेतो हे माहीत असल्याशिवाय तो अर्थ लागत नाही.

या किनाऱ्यावर तर खाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. क्षयाच्या उपचारातले दुसरे औषध आयसोनियाझिड. शरीरात हिस्टामिन नावाचे द्रव्य मोडणाऱ्या यंत्रणेला ते अडथळा करते. ट्यूना म्हणजे आपला कुपा, बांगडा आणि सुरमई ही एकाच कुळातली मासळी. ती बर्फाविना तासन् तास राहिली तर तिच्या मांसात हिस्टामिन तयार होते आणि शिजवल्याने ते जात नाही. निरोगी माणूस थोडेसे पचवून टाकतो. आयसोनियाझिड घेणाऱ्याचा चेहरा मात्र लालबुंद होतो, डोके ठणकते, छातीत धडधडते, अंगावर पुरळ येते. श्रीलंकेत डॉ. सी. जी. उरागोडा यांनी क्षयरुग्णांमधले असे प्रसंग काही दशकांपूर्वीच नोंदवून ठेवले आहेत. याचा अर्थ क्षयरुग्णाने मासे सोडावेत असा मुळीच नाही. त्याला प्रथिने हवीतच. सकाळी रापणीला आलेला ताजा बांगडा त्याने खावा, संध्याकाळपर्यंत टोपलीत तापलेला खाऊ नये. आणि तोंड लाल झाले तर क्षयाच्या गोळ्या बंद न करता डॉक्टरांना सांगावे. ‘पथ्य काय?’ असे विचारणाऱ्या आरोंद्याच्या रुग्णाला ‘तेलकट-तिखट टाळा’ असे छापील उत्तर देण्यापेक्षा हे सांगणे उपयोगाचे.

उपवासाचे तसेच. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. श्रावणी सोमवारी किंवा हरतालिकेला सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि दिवसभर काही खाल्ले नाही, तर दुपारपर्यंत साखर धोकादायक पातळीवर घसरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, मग असंबद्ध बोलणे. पुलाच्या अलीकडे-पलीकडे स्वस्त दारूची ठिकाणे असल्यामुळे असा माणूस रस्त्यात बडबडताना दिसला की लोक वेगळाच तर्क करतात आणि मोलाची मिनिटे जातात. शुद्धीवर असेल तर त्याला तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, गाडी काढावी. या गोळ्यांचा असर पुष्कळ तास टिकतो. एकदा साखर खाऊन बरे वाटले तरी ती पुन्हा घसरू शकते, म्हणून नंतर जेवण आणि लक्ष दोन्ही हवे. मेटफॉर्मिन एकटे घेणाऱ्याला हा धोका फार कमी. म्हणजे पुन्हा प्रश्न तोच, गोळी कोणती? ते जाणून घ्यायला श्रावण लागण्याआधीची भेट योग्य. ‘उपवास करू नका’ या सल्ल्याने कोणी उपवास सोडत नाही. गोळीची वेळ आणि मात्रा उपवासाप्रमाणे बदलून देणे शक्य असते.

पण या जिल्ह्यात सर्वांत मोठी काळजी घ्यावी लागते ती तापात. पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस येतो, डेंग्यू असतो. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आढळला आणि त्यानंतर काजूच्या हंगामात, साधारण जानेवारी ते मे या काळात, त्याचीही भीती असते. तिन्हींची सुरुवात सारखी, कडक ताप आणि अंग मोडून येणे. अंग इतके दुखते की माणूस दुकानातून दुखण्याची जोरदार गोळी मागतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक अशी ती असते. डेंग्यू आणि माकडतापात रक्तस्रावाचा धोका असतो. या गोळ्या तो वाढवतात. लेप्टोमध्ये मूत्रपिंडे आधीच संकटात असतात. या गोळ्या त्यांचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. त्यात तो माणूस रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि सोबत लघवीची गोळी घेत असेल, तर तिन्ही मिळून चांगली मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पाडू शकतात. तापात पॅरासिटामॉल घ्यावे. तेही मोजून, कारण सर्दीच्या बहुतेक जोडगोळ्यांत ते आधीच घातलेले असते. जास्त मात्रेने यकृताला इजा होते आणि रोज दारू घेणाऱ्याला ती कमी मात्रेतही होऊ शकते. उलट्या-जुलाब सुरू असताना रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या की एक-दोन दिवस थांबवायच्या, हे फोन करून का होईना डॉक्टरांना विचारावेच.

डायक्लोफेनॅकने काय होऊ शकते याचा पुरावा आकाशात शोधला तर रिकामे आकाश दिसते. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि भारतीय उपखंडातली गिधाडे जवळजवळ संपली. हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. माणूस गिधाडापेक्षा पुष्कळ सहनशील आहे. पण वाण्याच्या दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या शेजारी मिळावे एवढे ते औषध साधे नाही.

लेप्टोच्या प्रतिबंधासाठी शेतकऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लीन देतात. आशाताई ते घरोघर पोहोचवतात हे कौतुकाचे. पण ते कसे गिळायचे हे क्वचितच सांगितले जाते. कोरड्या घशाने किंवा घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. दोन दिवस पाणी गिळताना छातीत आग होते. जेवणानंतर, बसून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. उन्हाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना ती शेजाऱ्याने परस्पर देऊ नये.

‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द आणखी एका ठिकाणी येतात आणि तिथे ते चुकले तर माणूस दगावतो. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी घ्यायचे असते. सोबत दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळी पुष्कळदा तशीच लहान आणि पिवळी. इतर सगळी औषधे रोजची असल्यामुळे हेही रोज घेतले जाते. काही दिवसांत तोंड सोलवटते, ताप येतो, रक्तातल्या पेशी कोसळतात. जगभर हा अपघात पुन्हा पुन्हा घडत आला आहे. कागदावर इंग्रजीत ‘वीकली’ लिहून भागत नाही. ‘फक्त रविवारी’ असे मराठीत, वाराच्या नावासकट, ठळक लिहिलेले असावे. नसेल तर खिडकीवरून हलण्याआधी लिहून घ्यावे. चुकून रोज घेतले गेल्याचे लक्षात आले तर त्रास नसला तरी लगेच रुग्णालयात जावे.

एवढे सगळे घरात लक्षात आले, तरी ते घरातच राहते ही खरी उणीव. औषध बाजारात येण्याआधी त्याची चाचणी काही हजार लोकांवर होते; दुर्मीळ दुष्परिणाम त्यानंतर, लाखो लोकांनी घेतल्यावरच दिसतो आणि तोही कोणी कळवला तरच. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीला आले. हातपाय खुंटलेली बाळे जन्माला येत होती, पण त्या गोळीशी संबंध जोडून हॅम्बुर्गच्या लेंझ आणि सिडनीच्या मॅकब्राइड या डॉक्टरांनी १९६१ मध्ये आवाज उठवेपर्यंत चार वर्षे गेली होती. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले गेले, मूत्रपिंडे बंद पडलेल्या अवस्थेत. त्या मुलांनी प्यायलेल्या खोकल्याच्या औषधात तेच विष, डायइथिलीन ग्लायकॉल, सापडले. हे दुष्परिणाम नव्हेत, भेसळ आहे. पण दोन्ही ओळखण्याची पहिली पायरी एकच. मुलाला काय पाजले होते हे कोणीतरी विचारणे आणि ती बाटली घरात शिल्लक असणे.

अशा नोंदी गोळा करणारी यंत्रणा देशात २०१० पासून आहे. गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडून ती चालते. मेफेनामिक ॲसिड हे पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतले जाणारे औषध. त्याने क्वचित पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज आणणारी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, हा इशारा तिने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला, तो अशा नोंदींवरूनच. रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर थेट कळवता येते. त्यासाठी सोपा फॉर्म आहे, तो मराठीतही मिळतो. औषधामुळेच झाले हे सिद्ध करायचे नसते. संशय पुरेसा असतो. यात डॉक्टरवर किंवा दुकानदारावर तक्रार होत नाही. तरीही किनाऱ्यावरच्या किती प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर हा क्रमांक दिसतो? लसीकरणाचे, कुटुंबनियोजनाचे फलक आहेत, या क्रमांकाचा नाही. औषधाच्या खिडकीशेजारी तो मराठीत रंगवायला एक दिवस आणि एक डबा रंग लागेल. आशाताईंच्या पिशवीत डॉक्सिसायक्लीनबरोबर ते फॉर्म गेले तर आरोंद्यातला त्रास आरोंद्यातच विरणार नाही. आणि गोव्यातला कागद सावंतवाडीत, सावंतवाडीतला बांबोळीत वाचता यावा यासाठी दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकच छापील औषध-वही मान्य करावी. संगणकाची वाट पाहण्याची गरज नाही. लहान मुलांच्या लसीकरणाचे कार्ड आया वर्षानुवर्षे जपून ठेवतातच.

तशी वही येईपर्यंत शाळेची चाळीस पानी चालेल. पहिल्या पानावर, नावाच्याही वर, पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ, तोंड सुजणे किंवा श्वास कोंडणे झाले होते ते औषध आणि ते वर्ष लिहावे. अशा माणसाला तेच औषध पुन्हा मिळाले तर दुसरी प्रतिक्रिया पहिलीपेक्षा जबर असू शकते. अंगावर पुरळ येऊन तोंडात, डोळ्यांत फोड उठले, कातडी सोलवटू लागली, तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालयात जावे. फिटसवरचे कार्बामाझेपिन आणि युरिक ॲसिडवरचे ॲलोप्युरिनॉल यांच्या पहिल्या दोन महिन्यांत विशेष लक्ष ठेवावे. त्याखाली आताची औषधे, मूळ नावाने, कशासाठी आणि केव्हापासून ते लिहावे. बंद केलेले औषध खोडावे, पण वाचता येईल असे, आणि शेजारी का बंद केले ते. दहावीतली नात हे लिहू शकते. पट्टी कापून मिळत असेल तर तिने खिडकीवर नाव विचारून घ्यावे, आणि मागे रांगेत कोणी कुरकुरले तरी उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नये.